नळीतून जातं तेही जेवणच

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. सभेनंतर बऱ्याच जणींनी लेखी मागितलं, म्हणून त्यांनीच ते लिहून दिलं आहे. सभेत विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरंही शेवटी घेतली आहेत.)



आजच्या विषयपत्रिकेत बँक लिंकेज आहे, लेखापरीक्षण आहे, आणि मधेच माझा हा विषय बघून अध्यक्षताईंनी मला विचारलं, "हे दवाखान्याचं इथं कशाला?" त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. गेल्या वर्षभरात माझ्याकडच्या गावांतल्या तीन घरांत मी नाकात किंवा पोटाला नळी लावलेला माणूस बघितला. तिघांनाही कॅन्सर. एक आपल्या गटाची सचिव, दुसरे एका सदस्याचे मालक, तिसऱ्या एका ताईंच्या सासूबाई. तिन्ही घरांत ऑपरेशनचा खर्च कसा भागवायचा यावर गटात चर्चा झाली, कर्ज दिलं गेलं, ठराव झाला. पण नळीतून रोज काय जातंय, किती जातंय, हे कुणीच विचारलं नाही. आणि पेशंटची ताकद राहते की जाते ते तिथंच ठरत होतं.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्य शिकले, दवाखान्यात पेशंटबरोबर बसले, आहारतज्ज्ञ मॅडमना विचारून विचारून वही भरली. म्हणून पहिली गोष्ट: तुमच्या पेशंटच्या कागदावर दवाखान्याने जे लिहून दिलंय ते माझ्या बोलण्याच्या वर. साखरेचा आजार असेल, किडनीचा त्रास असेल, तर आहार वेगळा असतो. तो त्यांनाच विचारायचा.

आता नळी म्हणजे काय ते सरळ बघू. नाकातून घशामार्गे पोटात जाणारी बारीक नळी असते, तिला दवाखान्यात रायल्स ट्यूब म्हणतात. तोंडाचं ऑपरेशन झालं की टाके भरेपर्यंत तोंडातून घास घ्यायचा नसतो, तेव्हा ही लावतात. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असताना तोंडात आणि घशात फोड येतात, पाण्याचा घोटसुद्धा जाळत जातो, तेव्हाही लावतात. बरेच महिने नळी लागणार असेल तर पोटाला छोटं भोक पाडून थेट पोटात नळी बसवतात, तिला पेग म्हणतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये कधी कधी नळी पोटाच्या पुढे आतड्यात सोडलेली असते. ती असेल तर आज मी सांगतेय तसं एकदम भरभरून द्यायचं नसतं, हळूहळू थेंबाथेंबाने द्यावं लागतं. म्हणून घरी येतानाच विचारून घ्या, नळीचं टोक कुठं आहे. पोटात की आतड्यात? हा एक प्रश्न विसरू नका.

गावात नळी दिसली की बायका काय म्हणतात ते मला माहीत आहे. "नळी लागली, आता काय राहिलं नाही." बघायला येणाऱ्या चार जणी दारातच डोळ्याला पदर लावतात. पेशंट ऐकत असतो हो. नळी शेवटची म्हणून लावत नाहीत. उपचार पूर्ण होईपर्यंत शरीर टिकावं म्हणून लावतात. ऑपरेशनची जखम भरायला, रेडिएशनने होरपळलेलं तोंड परत नीट व्हायला, शरीराला रोजच्यापेक्षा जास्त खायला लागतं. आणि नेमकं त्याच वेळी खाण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून ही दुसरी वाट.

त्या सचिव ताईंचं सांगते. त्यांनी मला परवानगी दिली आहे, तरी छापून येणार म्हणून नाव घेत नाही. लहानपणापासून मिश्री. गालाच्या आत जखम, महिनोन् महिने बरी होईना, शेवटी तपासणी झाली आणि गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, नाकात नळी घेऊन घरी आल्या. पुढे रेडिएशन सुरू होणार होतं. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-साडेसहा आठवडे. ऑपरेशनच्या वेळी वजन ४६ किलो होतं. तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणवाडीतल्या काट्यावर ४१ भरलं.

घरात हयगय नव्हती, हे आधी सांगते. सासूबाई दिवसातून सहा वेळा नळीतून देत होत्या. काय देत होत्या? डाळीवरचं पाणी. तांदळाची पेज, तीही गाळून गाळून पातळ. नारळपाणी. सफरचंदाचा रस, तो खास तालुक्याहून आणलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, पोट तर भरतंय की तिचं." पोट भरत होतं, खरंच. पण डाळ तळाशी राहत होती आणि घरातली बाकी माणसं ती भाकरीबरोबर खात होती. वरच्या पाण्यात रंग, मीठ आणि जरासा वास. एवढ्यावर जखम कशी भरेल?

रेडिएशनच्या आधी तोंडाला आणि मानेला घट्ट बसणारा एक जाळीचा मुखवटा करतात. रोज तोच मुखवटा घालून मशीनखाली झोपवतात, म्हणजे किरण नेमक्या जागी पडतात. वजन उतरलं तसा ताईंचा चेहरा बारीक झाला आणि मुखवटा ढिला पडायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी उतरलं तर मुखवटा परत करावा लागेल, आणि अशक्तपणा असाच वाढला तर मधे थांबावं लागेल. आणि रेडिएशनमध्ये मधे खंड पडणं चांगलं नसतं, उपचाराचा जोर कमी होतो. एवढं सगळं एका डाळीच्या पाण्यावरून. त्या दिवशी एसटीत परत येताना ताईंचे मालक एक शब्द बोलले नाहीत.

आता घरात काय होतं ते ऐका. दारात म्हैस होती, सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीला जात होतं. नऊ-दहा कोंबड्या होत्या, अंडी बाजाराला जात होती. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता होता, इंग्रजीतला. तो रिपोर्टच्या पिशवीत, देवघराच्या खुंटीला टांगलेला. त्यात एका पावडरीच्या डब्याचं नाव होतं. डब्याची किंमत ऐकून मालकांनी तक्ताच मिटून ठेवला होता. दहावीतल्या मुलीला घेऊन मी बसले आणि ओळ ओळ वाचली. डब्याच्या खाली लिहिलं होतं, "किंवा दूध, अंडी, डाळ, तेल." पावडर वाईट नसते. ज्यांना परवडते, ज्यांना डॉक्टरांनी द्यायलाच सांगितलंय, त्यांनी द्यावी. पण ती नाही म्हणून पेशंटला पाण्यावर ठेवायचं, असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

हिशेब करू या. आपण गटात व्याजाचा हिशेब करतो तसाच हा आहे. मोठ्या माणसाला अशा उपचारात दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २५ ते ३० उष्मांक लागतात आणि एक ग्रॅमहून जास्त, सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला १२५० ते १५०० उष्मांक आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. हे घरातल्या वस्तूंत कसं बसवायचं? दिवसाला एक लिटर दूध घ्या, नीट उकळलेलं. त्यात ३० ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं मिळतात. दोन अंडी, पूर्ण उकडून मग वाटलेली, १२ ग्रॅम. कच्चं अंडं नळीतून कधीच देऊ नका, उपचारात अंगातली प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, जंतुसंसर्ग होतो. मूगडाळ ५० ग्रॅम, म्हणजे सुकी असताना एक मोठी मूठभर, मऊ शिजवून पूर्ण वाटून, तिचे आणखी १२. नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ ६० ग्रॅम. चार छोटे चमचे तेल किंवा तूप दिवसभरात विभागून, आणि थोडा गूळ किंवा साखर. हे सगळं मिळून साधारण १५०० उष्मांक आणि ६० ग्रॅम प्रथिनं होतात. अंडं चालत नसेल त्या घरात दूध, दुधाची पावडर आणि डाळ वाढवायची. तेलाचं मुद्दाम सांगते. आपल्याला वाटतं आजाऱ्याला तेल-तूप नको. पण थोड्या जागेत जास्त ताकद तेलातूनच मिळते, आणि नळीतून जाणाऱ्याला तेलकट लागत नाही.

पीठ शिजवलं की घट्ट होतं, नळीत जात नाही, मग बायका पाणी घालत जातात, आणि पातळ करता करता परत पेजच होते. याला आपल्याच घरात उपाय आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळलेलं पीठ करतो ना आपण बाळासाठी? मोड आलेल्या धान्यात असा गुण येतो की ते घट्ट लापशीत थोडंसं कालवलं तर लापशी बघता बघता सैल होते, पाणी न वाढवता. लापशी शिजवून घ्या, जरा निवू द्या, कोमटहून थोडी गरम असताना एक चमचा मोडाचं पीठ मिसळा, दहा मिनिटं ठेवा, मग परत एक उकळी द्या. उकळत्या लापशीत टाकलं तर तो गुण मरतो. सासूबाईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर आम्ही करत होतोच की, पोरांना." त्यानंतर त्या कामाला मला कधी सांगावं लागलं नाही.

हुलग्याचं माडगं विचारलं होतं एका आक्कांनी. चालतं, पण तिखट आणि फोडणीची मोहरी नको, आणि गाळून. शेंगदाणा घालायचा तर भिजवून, शिजवून, गंधासारखा वाटून. नुसतं कूट घातलंत तर नळी नक्की तुंबणार. गाळताना चहाच्या गाळणीतून एकदा आणि मग स्वच्छ मलमलीतून, पण गाळल्यावर वर किती चोथा राहतो ते बघा. खूप राहत असेल तर वाटण कमी झालंय. परत मिक्सरला लावा. चोथा फेकलात तर डाळ फेकलीत. मिक्सर नसेल तर शेजारणीचा मागा. लाजायचं नाही.

देण्याची पद्धत. हात साबणाने धुवायचे. पेशंटला बसवायचं, बसता येत नसेल तर पाठीला उशा, गोधड्या लावून निदान अर्धं उठवायचं. आडवं झोपवून एक थेंबही द्यायचा नाही. अन्न उलट वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. मग नाकाजवळ नळीवर जी खूण केलेली असते ती बघायची. खूण नसेल तर दवाखान्यातून निघतानाच नर्सताईंकडून करून घ्या आणि बाहेर किती नळी आहे ते लिहून ठेवा. खूण सरकलेली दिसली, नळी तोंडात गुंडाळलेली दिसली, तर द्यायचं नाही, दवाखान्यात दाखवायचं. खूण जागेवर आहे, मग मोठी सिरिंज लावायची, ५० मिलीची, सुई नसलेली, दट्ट्या काढून. आधी ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. मग कोमट आहार, एका वेळी २०० ते २५० मिली, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. सिरिंज उंच धरली की भरभर जातं, खाली घेतली की हळू. दट्ट्याने जोरात ढकलायचं नाही. सिरिंज पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढचं ओता, नाहीतर हवा जाते आणि पोट फुगतं. शेवटी परत ३० मिली पाणी, टोपण बंद. आणि पुढचा तासभर बसूनच राहायचं.

दोन-सव्वादोन तासांनी एकदा, असं दिवसात सात-आठ वेळा होतं. मधे मधे साधं पाणीही द्यायचं, नळीच्या माणसाला तहान लागली हे सांगता येत नाही. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. रात्री झोपू द्या. शेवटचं दहाच्या सुमारास द्या, अकरापर्यंत बसवून ठेवा. आणि ज्याच्या पोटात बरेच दिवस काहीच गेलेलं नाही त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण हिशेब भरायला जाऊ नका. किती दिवसांत वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून.

केलेला आहार बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायचा नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. फ्रीज असेल त्यांनी दिवसाचा करून ठेवावा, लागेल तेवढा काढून कोमट करावा. नसेल त्यांनी दिवसातून तीन-चारदा थोडा थोडा करावा. जुलाब लागले की लोक म्हणतात दूध बाधलं. कधी बाधतंही. पण मी बघितलं त्यात बहुतेक वेळा सिरिंज नीट धुतलेली नव्हती, नाहीतर सकाळचं दुपारी दिलेलं होतं, नाहीतर गार आणि घाईने दिलेलं होतं. आधी ही तीन कारणं बघा, मग दुधाला दोष द्या.

गोळ्यांचं वेगळं. प्रत्येक गोळी बारीक कुटून पाण्यात विरघळवून, एकेक स्वतंत्र, मधे पाणी सोडून. आहारात मिसळायची नाही. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, त्यांच्यावर मुद्दाम आवरण असतं. मेडिकलवाल्याला नळी आहे म्हणून सांगा, तो पातळ औषध मिळतंय का बघेल. आणि काढे, पानांचे रस, कुणी बाबांनी दिलेली पूड, हे नळीतून सोडू नका. एका घरी कुणीतरी पाठवलेली हिरवी पूड कालवून दिली, नळी ठार बंद. पेशंटला जीप करून दवाखान्यात न्यावं लागलं, भाडं वेगळं आणि नवी नळी घालताना झालेला त्रास वेगळा. नळी तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने हळू आत-बाहेर करून बघायचं. पंधरा मिनिटांत सुटली नाही तर दवाखाना. तार घालायची नाही, जोर करायचा नाही.

नळी निघून आली तर घरी परत घालायची नाही, कितीही वेळा बघितलेलं असलं तरी. ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि ऑपरेशनचे टाके असतील तर ते उसवतात. पोटाची नळी निघाली तर सकाळची वाट बघू नका. ते भोक काही तासांत मिटायला लागतं. त्या सदस्याच्या मालकांचं तेच झालं. रात्री नऊला नळी निघाली, एसटी सकाळी म्हणून थांबले, दुपारी पोचले तोवर भोक मिटत आलेलं. परत सगळी प्रक्रिया. स्वच्छ कापड झाकायचं आणि लगेच निघायचं. अशा वेळी गाडीसाठी गटाच्या पेटीतून पैसे काढायला सभेची वाट बघावी लागू नये, एवढा ठराव आपण आज करू शकतो. मी तो अध्यक्षताईंकडे लेखी दिलाय.

देताना खोकला सुरू झाला, धाप लागली, ओठ निळसर दिसले, तर जागीच थांबायचं आणि दवाखान्यात न्यायचं. सारखी उलटी, ताप, पोट दगडासारखं फुगणं, पोटाच्या नळीभोवती पू, यांतलं काहीही असेल तर आशाताईंना नुसता निरोप देऊन बसायचं नाही.

आता पैशाचं. ऑपरेशन आणि रेडिएशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी भेटायचं, नंतर नाही. महिलांना एसटीला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. पण रोजचं दूध, अंडी, मिक्सरचं लाइटबिल, बुडालेली मजुरी, हे कुठल्या योजनेत नाही. ते घराच्या अंगावर येतं, आणि घरात सगळ्यात आधी काटछाट कुणाच्या ताटात होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

सचिव ताईंच्या घरी तेच अडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, डेअरीचं बिल बंद झालं तर पेंडीचे पैसे कुठून द्यायचे, आणि गटाचा हप्ता? त्या खोटं बोलत नव्हत्या. मग गटाची बैठक त्यांच्याच ओसरीवर घेतली. हप्ता चार महिने पुढे ढकलला, त्या काळाचं व्याज सगळ्यांनी मिळून माफ केलं. एक लिटर दूध घरात ठेवायचं ठरलं, बाकी डेअरीला. दोघी जणींनी आठवड्याची अंडी द्यायचं कबूल केलं. बैठकीत एकीनं विचारलंही, "उद्या सगळेच असं मागतील, मग?" प्रश्न बरोबर होता. म्हणून आजारपणासाठीचा वेगळा नियम लिहिला: डॉक्टरांचा कागद असेल तर, आणि ठरावीक महिन्यांपुरतं. माझ्या मते प्रत्येक गटानं हा नियम कुणी आजारी पडायच्या आधी लिहून ठेवावा. आजारी बाई समोर बसलेली असताना नियमावर भांडणं फार वाईट दिसतं.

मालक सिरिंज धरायला शिकले, याचं गावात बरंच हसं झालं. ते सकाळचे दोन आणि रात्रीचा एक आहार देत होते, शेतातून येऊन. मुलगी दर सोमवारी सकाळी अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. हे तुम्हीही करा. एकच काटा, एकच वेळ. महिन्याभरात ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो उतरले तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. ताईंचं वजन पुढे उतरायचं थांबलं. पहिले दोन आठवडे ४१ वरच होतं, मग ४१ आणि थोडं वर. फार वाढलं नाही, वाढायची अपेक्षाही नव्हती. रेडिएशन न थांबता पूर्ण झालं.

एक गोष्ट मात्र सिरिंजने भरून निघत नाही. घरात फोडणी पडली की त्या उठून मागच्या दारी जाऊन बसायच्या. सणाच्या दिवशी तर जास्तच. जेवण म्हणजे नुसती ताकद थोडीच असते. मग मुलीनंच ठरवलं, सगळे जेवायला बसले की आईचा आहारही त्याच वेळी, त्याच ओळीत. पाटावर बसून. गटाच्या बैठकीला त्या नळीसकट यायला लागल्या. बोलता येत नव्हतं, पण रजिस्टर त्याच लिहायच्या, आणि हिशेबात चूक दिसली की पेनानं टकटक करायच्या. हळदीकुंकवाला बोलावताना "तिला आता कुठं बोलवायचं" असं कुणी म्हणत असेल तर बोलवा. त्या ठरवतील यायचं की नाही.

मिश्रीबद्दल वेगळं भाषण करत नाही, तुम्ही कंटाळाल. एवढंच करा, आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, यांतलं काही दिसलं तर उपकेंद्रात दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका, सुरुवातीला दुखत नाहीच.

आता तुमचे प्रश्न.

"गोड दिलं की कॅन्सर वाढतो म्हणतात, मग गूळ-साखर कशी?" हे मलाही प्रत्येक गावात विचारतात. साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं.

"नवरात्राचे उपवास?" उपचार संपेपर्यंत नाही. सासूबाईंनी हवे तर त्यांच्या नावाने करावेत. एका घरी तसंच ठरलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

"तोंडातून काही खात नाही, मग तोंड कशाला धुवायचं?" उलट जास्त धुवायचं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात छोटा चमचा मीठ आणि छोटा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ, गिळायची नाही. ऑपरेशन ताजं असेल तर कधी सुरू करायचं ते विचारून. नाकाची चिकटपट्टी ओली झाली की बदलायची, रोज थोडी जागा बदलून, म्हणजे नाकपुडी सोलत नाही.

"नळी काढल्यावर पहिल्यांदा काय द्यायचं?" नळी निघायच्या आधीच गिळण्याचे व्यायाम शिकवतात, ते रोज करायचे. गिळणं बरेच दिवस बंद राहिलं तर ते स्नायू विसरतात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नळी असतानाही चमचा चमचा पाणी गिळायला लावतात. परवानगी नसेल तर थेंबही नाही, मग कुणी कितीही म्हणो. काढायच्या आधी गिळताना ठसका लागतो का ते तपासतात. मग मऊ, ओलं, बिनतिखट. मऊ भात नीट घोटून, दुधात भिजवलेली भाकरी कुस्करून, घोटलेलं वरण. ठसका लागला की थांबायचं. आणि तोंडातून पोटभर जायला लागेपर्यंत वजन बघणं सोडायचं नाही. सचिव ताईंना पहिल्यांदा मुलीनं नाचणीची लापशी दिली. त्यांनी अर्धी वाटी खाल्ली, वाटी बाजूला ठेवली आणि खुणेनं मीठ मागितलं.